फायनान्सची नोकरी सोडायची आहे, पण कधी आणि कशी?

ओंजळ

बरेच महिने मनात घोळतंय, आज सगळं लिहून काढते. लांबेल, सांभाळून घ्या.

वय ३६. अकरा वर्षं फायनान्समध्ये आहे, त्यातली शेवटची सहा एका मोठ्या कंपनीच्या प्लॅनिंग आणि अ‍ॅनालिसिस विभागात. बजेट, फोरकास्ट, महिनाअखेरचं क्लोजिंग (म्हणजे महिन्याचे हिशेब बंद करणं), बजेट आणि प्रत्यक्ष आकडे यांत फरक का पडला त्याची कारणं, आणि या सगळ्याचं वरिष्ठांसाठी डेक, म्हणजे स्लाइडचं सादरीकरण, हे माझं काम. पगार उत्तम आहे, माणसंही वाईट नाहीत. त्यामुळे तक्रार करायला जीभ रेटत नाही.

गेल्या तिमाहीत एक गोष्ट घडली. डेकच्या चौदाव्या स्लाइडवर खर्चाचा एक आलेख असतो. त्याची लिंक तुटली होती आणि आधीच्या तिमाहीचे आकडे तसेच राहिले होते. मला ते तीन महिन्यांनी दिसलं. मधल्या तीन बैठकांत ती स्लाइड पडद्यावर आली, चौदा-पंधरा माणसं समोर होती, तिच्यावर चर्चासुद्धा झाली, तरी कोणाच्या लक्षात आलं नाही. मी जाऊन साहेबांना सांगितलं, दुरुस्त करून दिलं. ते म्हणाले, "ठीक आहे, पुढच्या वेळी लक्ष ठेव." विषय संपला. या डेकसाठी मी दर महिन्याला दोन रात्री जागते. त्या संध्याकाळी घरी जाताना रडू आवरेना. माझ्या चुकीने कोणाचं काहीच अडलं नव्हतं, त्याचं ते रडू होतं.

दोन वर्षांपूर्वीची आणखी एक आठवण आहे. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीला कळत नव्हतं की नफा दिसतोय तर बँकेत पैसे का नाहीत. मी एका जुन्या प्रिंटआउटच्या पाठीवर चौकोन आणि बाण काढून दाखवलं: माल उधारीवर विकला, विक्री आजच नोंदली, पैसे तीन महिन्यांनी येणार, पण कच्च्या मालाचे आत्ताच द्यायचे. मध्येच तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि पुढचा बाण स्वतः काढला. अकरा वर्षांतला तो एक तास मला जसाच्या तसा आठवतो.

तेव्हापासून शिकवावं असं वाटतं. ही खरी ओढ आहे की पळवाट, ते कळत नाही. घराचं कर्ज नऊ वर्षं उरलंय, मुलगा आठ वर्षांचा आहे. नवऱ्याच्या पगारात घरखर्च आणि हप्ता मिळून साधारण निम्मं भागतं. बोनस सात महिन्यांवर आहे. आई म्हणते, लोक अशा नोकरीसाठी देव पाण्यात घालून बसतात.

ज्यांनी सोडली, ज्यांनी सोडायचं ठरवून सोडली नाही, दोघांचंही ऐकायचं आहे.

पहाटवारा

ताई, आधी एक विचारतो. काम नकोसं झालंय, जागा नकोशी झालीय, की शरीर थकलंय? तिन्हींत रविवारी संध्याकाळी पोटात सारखाच गोळा येतो, पण औषध वेगवेगळं. मी पाच वर्षं ठामपणे सांगत होतो की मला क्रेडिटचं, म्हणजे कर्ज मागणाऱ्याची पत तपासण्याचं, काम आवडत नाही. टीम बदलली, नवीन साहेब मिळाले आणि तीच फाइल, तेच रेशो मी आवडीने वाचायला लागलो. मला काम नकोसं झालंच नव्हतं, एका माणसाची भीती बसली होती.

दोन आठवडे रोज रात्री तीनच ओळी लिहा: आज कशात वेळ कसा गेला कळलं नाही, कशात घड्याळाकडे बघत होते, आणि झोप किती झाली. निष्कर्ष आत्ता काढू नका.

जुनी वही

पहाटवारा यांनी थकव्याचा मुद्दा काढला त्यावर स्वतःचं सांगते, कारण मी तिथेच फसले.

ऑडिटमध्ये होते. सलग तिसऱ्या सीझनला, रात्री दीड वाजता, एका वर्किंग पेपरवर "पुन्हा तपासा" असा शेरा आला आणि मी तिथल्या तिथे राजीनामा टाइप करून पाठवला. पुढचे दोन महिने फक्त झोपले. तिसऱ्या महिन्यात जाग आल्यासारखं झालं आणि कळलं की ऑडिट मला आवडत होतं. मला विश्रांती हवी होती आणि मी नोकरी सोडून बसले होते. परत आत शिरायला चौदा महिने लागले, तेही खालच्या पदावर.

नंतर समजलं की जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे. आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत: शक्ती पार संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटणं. तिन्ही माझ्यात होत्या. त्या अवस्थेत मला प्रत्येक नोकरी नकोशीच वाटली असती, शिकवण्याचीसुद्धा.

म्हणून ओंजळ, आधी सलग सुट्टी घे, निदान दोन आठवडे, लॅपटॉप न उघडता. तब्येत, झोप फारच बिघडली असेल तर डॉक्टरांकडे जा. परत आल्यावरही चौदावी स्लाइड तशीच सलत असेल, तर ते दुखणं थकव्याचं नाही. आणि हो, जीवावर बेतेल अशी जागा असेल तर हे सगळं बाजूला ठेव आणि निघ, हिशेब नंतर होतात.

दीपमाळ

पगार उत्तम, माणसं चांगली, तरी मन लागत नाही, यात ओंजळ यांना अपराधी वाटतंय असं वाचताना जाणवलं. त्याबद्दल थोडं.

फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींना त्यांनी विचारलं होतं: कामावर तुम्हाला फार बरं वाटलं असा प्रसंग सांगा, आणि फार वाईट वाटलं असाही सांगा. वाईट प्रसंगांत कंपनीची धोरणं, वरिष्ठांची वागणूक, पगार, कामाची परिस्थिती असलं जास्त आलं. चांगल्या प्रसंगांत काहीतरी साध्य झाल्याचं, कोणीतरी दखल घेतल्याचं आणि प्रत्यक्ष कामाचं समाधान आलं. त्यांनी त्यातून काढलेला अर्थ असा की समाधान आणि असमाधान ही एकाच फूटपट्टीची दोन टोकं नाहीत. पगार वाढवला तर कुरबुर थांबते, काम अर्थपूर्ण होत नाही. या सिद्धांतावर पुढे टीकाही बरीच झाली, पण ओंजळ यांच्या दोन आठवणी त्यात अगदी चपखल बसतात. स्लाइडची कोणी दखल घेतली नाही, आणि बाण त्या मुलीने स्वतः काढला.

तेव्हा ताई, तुम्ही कृतघ्न नाही आहात. एवढं मनातून काढून टाका, मग बाकीचं ठरवा.

काठावर

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मी २२ वर्षं ट्रेझरीत, म्हणजे पैशाची व्यवस्था बघणाऱ्या विभागात, आहे आणि सोडलेली नाही. नोकरीने घर चालवावं, मन भरण्याची जबाबदारी तिच्यावर टाकू नये, असं मला मनापासून वाटतं. कवी टी. एस. एलियट १९१७ ते १९२५ लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरी करत होता. त्याचं सगळ्यात गाजलेलं दीर्घकाव्य १९२२ चं, म्हणजे बँकेत असतानाचंच. त्याच वर्षी मित्रांनी वर्गणी गोळा करून त्याला बँकेतून सोडवायचा बेत केला होता, तरी तो तिथे राहिला. १९२५ मध्ये निघाला तो थेट एका प्रकाशनसंस्थेतल्या नोकरीत.

उलट पॉल गोगँ. पॅरिसमध्ये शेअर दलालीत होता, चित्रं फावल्या वेळात काढायचा. १८८२ मध्ये बाजार कोसळला आणि पुढच्या वर्षापासून तो पूर्णवेळ चित्रकार झाला. पदरी पाच मुलं. चित्रं विकली जाईनात. कोपनहेगनला जाऊन ताडपत्र्या विकायची एजन्सी घेतली, तीही चालली नाही. बायको फ्रेंच शिकवून घर चालवत होती. आज आपण त्याची चित्रं बघतो, पण त्या घरात राहणाऱ्यांना ती वर्षं कशी गेली असतील याचा विचार मी तरी केल्याशिवाय राहत नाही.

मी शनिवारी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. त्यावर माझा आठवडा निघतो.

ओंजळ

काठावर, राग कसला, हेच ऐकायचं होतं. पण महिन्यातले दहा दिवस क्लोजिंग आणि डेक यांत जातात, तेव्हा शनिवारही माझा नसतो. एलियटच्या गोष्टीत मला वेगळीच ओळ दिसली: तो निघाला तेव्हा पुढची नोकरी हातात होती, आणि ती पुस्तकांच्या जवळची होती.

पहाटवारा यांनी सांगितलेल्या तीन ओळींचं सांगते. दोन आठवडे लिहिलं, मधले पाच दिवस रजेवर होते. घड्याळाकडे बघायला लावणाऱ्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा डेक आलं. वेळ कसा गेला कळलं नाही त्यात फक्त चार नोंदी, त्यातल्या तीन कोणाला तरी काही समजावण्याच्या. चौथी, शीटमधला एक सर्क्युलर रेफरन्स (फिरून स्वतःवरच येणारं सूत्र) शोधून काढण्याची. रजेनंतर झोप सुधारली. स्लाइड मात्र अजून सलते.

आता पैशाचं बोलूया का? इथेच हातपाय गळतात. रोज दुसऱ्यांचे फोरकास्ट करते आणि स्वतःचं शीट उघडायला घाबरते.

ताळेबंद

उघडा. मी सोबत आहे. मी सात वर्षांपूर्वी सोडली, तेव्हा हे शीट बायकोबरोबर बसून केलं होतं.

रक्कम इथे लिहू नका, सगळं महिन्यांत मोजा. एका महिन्याचा घरखर्च अधिक हप्ता अधिक विम्याचा वाटा, हे एक एकक. नोकरीसोबत जो आरोग्य विमा आहे तो गेल्यावर स्वतः काढावा लागेल, तो यात धरा. वर्षातून एकदा येणारे खर्चही, शाळेची फी, दुरुस्त्या, बाराने भागून धरा. लोक हेच विसरतात. आता हाताशी असलेली, महिन्याभरात मोकळी करता येईल अशी बचत किती एककं आहे? निवृत्तीसाठीची रक्कम धरू नका. कंपनीने देऊ केलेले पण अजून व्हेस्ट न झालेले, म्हणजे नावावर न आलेले, शेअर तर अजिबात नाही, ते तुमचे नाहीतच. जे उरेल त्यातली सहा एककं अडीअडचणीसाठी बाजूला काढा. बाकीच्याला दरमहाच्या तुटीने भागा.

ओंजळ

काल दोघं बसलो. बचत २० महिन्यांची निघाली. सहा बाजूला, उरले १४. नवऱ्याच्या पगारात निम्मं भागतं, म्हणजे तूट अर्ध्या एककाची. १४ भागिले अर्धं, २८ महिने. मी दोनदा तपासलं. मला वाटत होतं आपण चार महिन्यांत रस्त्यावर येऊ.

बोनस, कर वजा जाता, पाच महिन्यांचा खर्च देतो.

ताळेबंद

बघा, भीतीला आकडा दिला की ती कशी मापात येते. आता आपल्या धंद्याची सवय वापरा आणि वाईटातला वाईट प्रसंग घाला. यजमानांचं उत्पन्न थांबलं तर? तूट पूर्ण एकाची, म्हणजे १४ महिने, आणि ती सहा वेगळी. तेही बरं आहे. बोनस धरला तर १९ आणि नेहमीच्या हिशेबाने ३८.

बोनसवर माझं मत स्पष्ट आहे. किती महिने थांबायचं आणि त्या बदल्यात किती महिन्यांची मोकळीक मिळते, एवढंच पाहा. तुमच्या बाबतीत सात महिने थांबून दहा महिने मिळतात, शिवाय सात पगार. थांबा. पण ते सात महिने नुसते ढकलू नका, शिकवून बघा. आणि तारीख आत्ताच लिहा, यजमानांना सांगा. कारण या बोनसनंतर पुढच्याची चर्चा सुरू होते, मग पदोन्नती, मग शेअरचा पुढचा हप्ता. माझे एक सहकारी नऊ वर्षं "पुढच्या वर्षी" म्हणत राहिले. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही, पण आपल्या क्षेत्रात ती दरवर्षी थोडी थोडी आत जाते आणि कळत नाही.

करार नीट वाचा. अनेक ठिकाणी बोनस जमा होण्याच्या दिवशी तुम्ही नोटीस पिरियडमध्ये असाल तर तो मिळत नाही. काही ठिकाणी घेतल्यावर ठरावीक मुदतीत गेलात तर परत मागतात. रुजू होताना मिळालेला साइनिंग बोनस, कंपनीने भरलेली परीक्षा फी, याचंही तसंच असू शकतं.

पहाटवारा

शिकवून बघण्याला माझा जोरदार पाठिंबा. स्वतःचा व्यवसाय सुरू करणाऱ्यांवरचा जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांचा २०१४ चा अभ्यास आहे: नोकरी ठेवून आधी अर्धवेळ सुरू करून मग पूर्णवेळ झाले, त्यांचा व्यवसाय बंद पडण्याची शक्यता थेट उडी मारणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होती. शिकवणं म्हणजे व्यवसाय नव्हे, पण तत्त्व तेच. आवडेल असं वाटणं आणि करून आवडणं यात फार अंतर असतं.

ओंजळ

एक गोष्ट अजून बोलले नाही. पदवी, मग व्यावसायिक परीक्षा, त्यातला एक ग्रुप दोनदा दिला. बाबांनी त्यासाठी काय काय बाजूला ठेवलं ते मी पाहिलंय. ते सगळं पाण्यात घालायचं का?

जुनी वही

यावर मीही खूप रडलेय. ती वर्षं खर्च होऊन गेली गं. तू राहिलीस तरी परत येणार नाहीत, गेलीस तरी. आता प्रश्न पुढच्या पंचवीस वर्षांचा आहे. आणि पाण्यात कुठे? रोखीचा प्रवाह बाण काढून समजावणारी बाई ते कुठून शिकली? आईशी बोलताना नोकरी सोडतेय असं म्हणू नकोस, काय करणार आहे ते सांग. माझी आई "सोडतेय" एवढंच ऐकून घाबरली होती.

दीपमाळ

कसं सोडायचं यावर दोन शब्द, मी एचआरमध्ये आहे.

आधी साहेबांना समोरासमोर सांगा, मग पत्र. पत्र तीन ओळींचं पुरे: पद, शेवटचा दिवस, आभार. मनातलं सगळं तिथे लिहू नका, एक्झिट इंटरव्ह्यूमध्येही मोजकंच. कर्ज वाढवायचं, बदलायचं, नवीन विमा काढायचा, हे सगळं पगारपत्रक हातात असताना करून घ्या. स्वतः बनवलेली मॉडेल्स घरच्या ईमेलवर पाठवू नका. ती कितीही आपली वाटली तरी कंपनीची असतात आणि फायनान्समध्ये यावरून प्रकरणं होतात. पगारवाढीची ऑफर येईलच. ती ऐकून घ्या आणि मनात एकच विचारा, यातून चौदावी स्लाइड बदलणार आहे का?

ओंजळ

आठ महिन्यांनी परत आले आहे. कोणाच्या लक्षात आहे का माहीत नाही, पण तुम्ही एवढं लिहिलंत, मग काय झालं ते न सांगणं बरं दिसत नाही.

एका कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात आठवड्यातून एक दिवस पाहुणी शिक्षिका म्हणून मिळालं. क्लोजिंगच्या आठवड्यांत बदली तास घ्यायची त्यांची तयारी होती. पहिलं लेक्चर वाईट गेलं. दीड तासाचं म्हणून तयार केलेलं ३५ मिनिटांत संपलं आणि मी ५२ मुलांसमोर खडू हातात धरून उभी. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, ताळेबंद यांना कळवते की नोकरीच बरी. दुसऱ्या आठवड्यात कमी विषय घेतला आणि मुलांकडून सोडवून घेतला. तिसऱ्या आठवड्यात घसारा, म्हणजे यंत्राची किंमत वापराने दरवर्षी थोडी कमी धरणं, शिकवत होते. मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "घसारा म्हणजे पैसे जातच नाहीत, मग खर्च का म्हणायचं?" आणि वर्गातच वाद सुरू झाला. मी भिंतीला टेकून ऐकत होते.

पेपर तपासणं कंटाळवाणं आहे, तेही सांगते. ९६ उत्तरपत्रिका, सगळ्यांत तीच चूक. पण ती चूक दिसली म्हणून मी पुढचा तास बदलला. कोणाचं तरी अडत होतं.

बोनस आला. राजीनामा दिला. साहेबांनी वाढीव पगाराचं विचारलं, मी आभार मानून नको म्हटलं. तीन महिन्यांचा नोटीस पिरियड चालू आहे. कॉलेजने पूर्णवेळ कंत्राट दिलंय, सध्या एका वर्षाचं. पगार आत्ताच्या एक तृतीयांशाहून कमी. तरी तूट कमी झाली, शीटमध्ये टाकून पाहिलं. आई अजून काळजीत आहे. मात्र परवा शेजारणीला सांगत होती की मुलगी कॉलेजात शिकवणार आहे.

हँडओव्हर करताना मी डेक वाचणाऱ्या प्रत्येकाला विचारलं की यातल्या कोणत्या स्लाइड तुम्ही खरोखर वापरता. ३२ पैकी ११ उरल्या. चौदावी गेली. माझ्या जागी येणाऱ्या मुलाच्या दोन रात्री तरी वाचतील.

काठावर

अभिनंदन, मनापासून. एक व्यवहाराचं विचारतो, माझ्या भाच्यासाठी हवंय. बोनस जमा झाल्यावर किती दिवसांनी पत्र दिलंस?

ओंजळ

नऊ दिवसांनी, दादा. आधी बोनसचं पत्र पुन्हा वाचून घेतलं, त्यात परत मागण्याचं कलम नव्हतं. भाच्याला म्हणावं, करार एकदा स्वतः आणि एकदा दुसऱ्या कोणाकडून वाचून घे. आणि तारीख घरी कोणाला तरी सांगून ठेव. माझी फ्रिजवर लिहिलेली होती, मुलाच्या अक्षरात.